परदेशातून मागवलेलं नाणं खरं की खोटं? मुंबईच्या ट्रेड डॉलरवर शिकू पारख

मुंबईच्या फोर्टातल्या टांकसाळीत पडलेलं, शंभरेक वर्षांपूर्वी बोटीनं हाँगकाँगच्या बाजूला गेलेलं चांदीचं नाणं आज इंग्लंड-अमेरिकेतल्या कुणा विक्रेत्याकडून पुन्हा घरी मागवायचं, हा माझा गेल्या काही वर्षांचा उद्योग. नाण्याचं नाव ब्रिटिश ट्रेड डॉलर, म्हणजे ब्रिटिशांनी चीनकडच्या व्यापारासाठी पाडलेलं नाणं. दिसायला देखणं, हातात घेतलं की जड, आणि किंमत मध्यमवर्गीय खिशाला अगदीच न परवडणारी नाही. म्हणूनच याच्या नकलाही ढिगानं. त्यातली एक माझ्याही गळ्यात पडली. तिच्यामुळे जे शिकलो ते इथे क्रमवार लिहितोय. उदाहरण एकाच नाण्याचं घेतलंय, पण अमेरिकेचा मॉर्गन डॉलर, ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थॅलर, आपला राणीछाप रुपया, काहीही मागवत असाल तरी रीत हीच.

आधी खऱ्याची कुंडली

विक्रेत्याचं पान उघडण्याआधी खरं नाणं कसं असतं ते वहीत लिहून काढा. ट्रेड डॉलरची माझी नोंद अशी आहे: वजन ४१६ ग्रेन, म्हणजे २६.९६ ग्रॅम. व्यास ३९ मिलिमीटर. चांदी ९०० टंच, म्हणजे हजारात नऊशे भाग, उरलेलं तांबं. कडेवर उभ्या रेघा. एका बाजूला उभी ब्रिटानिया, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात ढाल, मागे समुद्र आणि जहाज, खाली साल. दुसऱ्या बाजूला मधोमध दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, आणि किंमत दोन लिप्यांत: चिनी आणि जावी, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीत लिहिलेली मलय.

आता टांकसाळीची खूण. मुंबईचं नाणं असेल तर त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीकसा खोलगट ‘बी’. कलकत्त्याचं असेल तर ब्रिटानियाचा डावा पाय आणि ढालीचा तळ यांच्या मधल्या जमिनीवर ‘सी’. लंडनमध्ये पडलेल्यांवर खूण नाही.

सालंही लिहून ठेवा. हे नाणं १८९५ ते १९३५ या काळातलं, पण दरवर्षी पडलेलं नाही. १९१४ ते १९२० या सालांचं नाणंच नाही. ‘१९१६, अतिदुर्मीळ’ असं कुणी विकत असेल तर ते दुर्मीळ आहेच, कारण टांकसाळीतून ते कधी निघालंच नाही. उलट १९२१ चं मुंबईचं नाणं जेमतेम पन्नास हजार पडलं, आणि १९३५ चं लाखोंनी पडूनही बहुतेक सगळं वितळवलं गेलं. या दोन सालांचं नाणं स्वस्तात दिसलं, तर हात आखडता घ्यायचा.

ही कुंडली कुठे मिळते? नुमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत. पण वजन-व्यासाच्या आकड्यांइतकेच फोटोही लागतात. हेरिटेज किंवा स्टॅक्स बॉवर्स या अमेरिकन लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर आधी विकल्या गेलेल्या नाण्यांचे मोठे, स्वच्छ फोटो बघायला मिळतात. तुमच्या सालाचे पाच-सहा खरे नमुने उतरवून घ्या आणि रोज रात्री दहा मिनिटं नुसते बघत बसा. हसू नका. बँकेतला रोखपाल खोटी नोट बोटांनी ओळखतो, कारण खऱ्या नोटा त्यानं लाखोंनी मोजलेल्या असतात. आपल्याला लाखो नाणी मिळणार नाहीत, तेव्हा निदान फोटो तरी.

नाणं नंतर, विकणारा आधी

माझी चूक इथेच झाली. मी नाण्याकडे बघत राहिलो, विकणाऱ्याकडे बघितलंच नाही.

विक्रेता इतर काय विकतो ते बघा. नाणी, नोटा, पदकं असा माल असेल तर ठीक. मोबाइलची कव्हरं, स्वयंपाकघरातले चिमटे आणि मधेच १८९८ चा ट्रेड डॉलर, असं दुकान असेल तर मागे फिरा. पत्ता लंडनचा आणि माल मात्र भलत्याच देशातून निघणार, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेही वाचा. अभिप्रायांची टक्केवारी बघून भुलू नका. ते शंभर लोक कशावर खूश आहेत हे उघडून बघा, कारण दोन डॉलरच्या मालावर मिळालेली शाबासकी दोनशे डॉलरच्या नाण्याला कामाची नाही.

मग वर्णन. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं काही कळत नाही, फोटो बघून तुम्हीच ठरवा, परत घेतलं जाणार नाही.’ हे वाक्य जगातल्या सगळ्या भाषांत सारखंच असतं. कधीकधी ते खरंही असतं, आजोबा आणि पेटी दोन्ही. पण ‘परत घेतलं जाणार नाही’ हे शब्द आले की माझ्यापुरता विषय संपला. ‘खरं नसल्यास पूर्ण पैसे परत’ असं लेखी देणाऱ्याकडून मी दहा-पंधरा टक्के जास्त देऊन घेतो. तो जास्तीचा पैसा मी विम्याचा हप्ता समजतो.

भावाचा हिशेबही करा. २६.९६ ग्रॅमच्या ९०० टंचात शुद्ध चांदी २४.२६ ग्रॅम. आजच्या चांदीच्या भावानं गुणा. एवढी तर त्याची मोडीची किंमत. त्याहून कमीत कुणी विकत असेल, तर हा गृहस्थ आपल्या गल्लीतल्या सराफाकडे का जात नाही, असा प्रश्न स्वतःला विचारा.

अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार नाण्याच्या नकलेवर ‘कॉपी’ हा शब्द उठवणं बंधनकारक आहे. प्रत्यक्षात नकला तो शब्द न घालताही बनतात. शिवाय शब्द असलेल्या नकलेचा फोटो अशा कोनातून काढला जातो, की नेमका तेवढाच भाग प्रकाशाच्या झगझगाटात बुडावा. फोटोत एखादा कोपरा चमकून पांढरा झाला असेल तर दुसरा फोटो मागा. कडेचा फोटो, वजनकाट्यावर ठेवलेला फोटो आणि शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी, एवढं तर मागाच. नाणं खरोखर हातात असलेला माणूस दोन दिवसांत पाठवतो. हातात नसलेला रागावतो.

जुळी भावंडं

फोटोत बघायची सगळ्यात उपयोगी गोष्ट, आणि हिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

आजच्या चांगल्या नकला ओतीव नसतात, ठशानं पाडलेल्या असतात. एखादं खरं नाणं घेऊन त्याच्यावरून ठसा करतात. पण त्या मूळ नाण्यावर शंभर वर्षांच्या वापराचे ओरखडे असतात: कुठे ढालीवर खोक, कुठे सालाच्या वर तिरपी रेघ. ठसा करताना हे ओरखडेही त्यात उतरतात. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नकलेवर तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा. दोन खरी नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोघांनाही एकाच जागी सारखीच ठेच लागलेली असणं शक्य नाही.

म्हणून त्याच सालाची विकली गेलेली नाणी शोधा, वेगवेगळ्या विक्रेत्यांची, आणि फोटो शेजारी शेजारी ठेवा. मी फसल्यानंतर हे केलं. माझ्या नाण्यावर ब्रिटानियाच्या शिरस्त्राणासमोरच्या मोकळ्या जागेत तांदळाच्या कणीएवढा खड्डा होता. मला तो ‘जुनेपणाचा पुरावा’ वाटला होता. तासाभरात तीन वेगळ्या दुकानांत तीच कणी सापडली. एका ठिकाणी तर तीन नाण्यांचा संच होता आणि तिन्हींवर कणी! इतका वेळ आधी दिला असता तर पैसे वाचले असते.

व्यापाऱ्यांच्या ठोक्यांनाही हीच कसोटी. चीनमधले व्यापारी आणि सराफ नाणं तपासलं की त्यावर आपली छोटी मुद्रा ठोकत. अशा ठोकलेल्या नाण्यांना वेगळे चाहते आहेत, त्यामुळे नकलांवरही ठोके असतात. खरा ठोका बसतो तिथे धातू दबतो, काठ धारदार येतो आणि बऱ्याचदा बरोबर पाठीमागे थोडा सपाटपणा किंवा फुगवटा दिसतो. नकलेतला ठोका चित्रासोबतच छापलेला असतो. तळ गुळगुळीत, काठ बोथट, मागे काहीच नाही.

प्लास्टिकच्या डबीत आहे म्हणून?

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था नाणं तपासून, दर्जा ठरवून, ते बंद डबीत घालून देतात. याला संग्राहक स्लॅब म्हणतात. महाग नाण्याला हा मार्ग चांगला, पण डब्याही खोट्या निघतात. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा आणि तेवढ्यावर थांबू नका. खोटी डबी करणारा खऱ्या नाण्याचा खरा क्रमांकच उचलतो. साल, टांकसाळ, दर्जा जुळतोय का ते बघा. तिथे फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा ताडून बघा. ‘सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी’ म्हणून विक्रेत्यानं स्वतः छापलेला सोनेरी कागद मात्र जेवणाच्या डब्याखाली घालायला ठीक.

पार्सल आलं: वजन, माप, पाणी

पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रीकरण चालू ठेवा. पाकिटावरचा पत्ता, मोहोर, आतलं नाणं, आणि लगेच काट्यावर ठेवलेलं वजन, मधे न थांबवता. पुढे वाद झाला तर हेच कामाला येतं. परतीची मुदत बहुधा पार्सल पोचल्यापासून सुरू होते, तेव्हा ‘रविवारी निवांत बघू’ नको.

सामान फार लागत नाही: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, व्यास-जाडी मोजायचं डिजिटल व्हर्नियर, दहापट मोठं दाखवणारं भिंग. काट्याची खात्री आपल्या चालू नाण्यांवर करून घ्या.

वजन: वापरलेल्या ट्रेड डॉलरचं २६.७ ते २६.९ ग्रॅम भरलं तर मी निश्चिंत असतो. २६.६ च्या खाली गेलं तर तसं कारण नाण्यावर दिसायला हवं: भरपूर झीज, भरपूर ठोके. चकचकीत, तीक्ष्ण नक्षीचं नाणं आणि वजन दोन ग्रॅम कमी, असं होत नाही.

माप: व्यास तर घ्याच, पण जाडी विसरू नका. नकला करणाऱ्याची खरी पंचाईत इथे होते. पितळेसारखा धातू चांदीपेक्षा हलका. आकार जुळवला तर वजन साडेबावीस ग्रॅमच्या आसपास येतं. वजन जुळवायला गेला तर जाडी जवळजवळ वीस टक्क्यांनी वाढवावी लागते. काहीजण दोन्हीकडे थोडं थोडं चुकवतात, म्हणजे कुठलाच आकडा फार खटकत नाही. म्हणूनच तिसरा आकडा काढायचा, घनतेचा.

हा प्रयोग स्वयंपाकघरात होतो. पेल्यात पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधा, आणि पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं हातानं लोंबकळत धरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढ्या पाण्याची जागा नाण्यानं घेतली. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागा. ९०० टंच चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. २६.९० ग्रॅमच्या खऱ्या नाण्याला पाण्यात २.६१ दिसतं. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर उत्तर चुकतं, तेव्हा हलकेच झटकून घ्या आणि तीनदा करा.

माझं नाणं? कोरडं २४.३०, पाण्यात २.८१. भागाकार ८.६५. आतून तांब्या-पितळेच्या जातीचं, वरून चांदीचा मुलामा. बायको ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, “लाखभराची पदवी घेऊन पेल्यात नाणी बुडवत बसलाय.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

बाकीच्या घरगुती चाचण्या चटकन सांगतो. लोहचुंबकाला चिकटलं तर नाणं खोटं. न चिकटल्यानं काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळही चिकटत नाही. बर्फ भराभर वितळतो का हे बघायचे व्हिडिओ भरपूर आहेत. तांब्यावरही तो भराभर वितळतो, तेव्हा सोडून द्या. आवाज मात्र ऐका. फरशीवर आपटू नका! बोटाच्या टोकावर तोलून प्लास्टिकच्या पेनानं हलकेच टिचकी द्या. चांदी लांबवर गुणगुणते, ‘खणखणीत’ हा शब्द आपल्याकडे उगाच आलेला नाही. ठोके बसलेलं किंवा तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजू शकतं, एवढं लक्षात ठेवा. आणि काहीही झालं तरी नाणं घासू-पुसू नका, चिंच-रांगोळी तर अजिबात नको. खरं निघालं तर अर्धी किंमत तुमच्याच हातानं गेलेली असेल.

भिंगाखाली

सगळे आकडे जुळले तरी काम संपत नाही. आता खऱ्या चांदीतही नकला पाडतात, विशेषतः दुर्मीळ सालांच्या. तिथे काटा आणि पेला दोघेही गप्प बसतात. उरतं ते भिंग आणि तुम्ही रात्री बघितलेले फोटो.

पहिल्यांदा मोकळी जागा बघा, नक्षी नव्हे. ओतीव नकलेत तिथे टाचणीच्या टोकाएवढे खळगे दिसतात, आणि अक्षरांचे काठ वापरलेल्या साबणासारखे गोल. पाडलेल्या नाण्याच्या अक्षराचा काठ जमिनीतून ताठ उठतो. मग त्रिशूळ. मधल्या टोकावरचा ‘बी’ खोल गेलेला आहे की नुसता धूसर ठिपका? झिजलेल्या खऱ्या नाण्यावर तो जेमतेम दिसतो, हे कबूल. पण बाकी नाणं करकरीत आणि ‘बी’ मात्र चिखलात रुतलेला, असं असेल तर संशय धरा. ‘बी’ वर उठलेला असेल तर संशय कसला, नाणं खोटंच. सालाचे अंक एकेक करून बघा: चारही अंकांची उंची सारखी आहे का, एखाद्याभोवतीची जमीन खरवडल्यासारखी वेगळी चमकते का? दुर्मीळ सालाचं नाणं अंक बदलूनही बनतं.

चिनी आणि जावी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून सोडू नका. तिथेच नकलाकाराचा हात घसरतो. फोटोतल्या अक्षराशी रेघ न् रेघ जुळवा, लहानपणी ‘दोन चित्रांतले सात फरक’ शोधायचो तसं. शेवटी कड: नाणं फिरवत पूर्ण फेरी मारा. रेघा कुठे तिरप्या झाल्यात का, एखादी आडवी सांध्याची रेघ सगळीकडे पळतेय का, रेघांमधल्या खाचेत पिवळसर-तांबूस धातू डोकावतोय का.

सराफ, मशीन आणि जाणकार

पुण्यात रविवार पेठेत माझ्या ओळखीचे एक वयस्क सराफ आहेत. फसलेलं नाणं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी तळहातावर नुसतं वर-खाली केलं आणि म्हणाले, “हलकं आहे हो.” मी म्हटलं, मशीनवर घालूया. तेव्हा त्यांनी सुनावलं, “मशीन वरची कातडी बघतं. आणि चांदी आहे की नाही एवढंच मी सांगीन. नाणं आहे की नाही ते तुमचं तुम्ही बघा.”

दोन्ही वाक्यं वहीत लिहून ठेवण्यासारखी. सराफांकडचं कॅरेट मीटर पृष्ठभागाचा टंच सांगतं, जाड मुलामा त्याला चकवतो. कसोटीवर घासायला किंवा तेजाबाचा थेंब टाकायला नाणं देऊ नका, तो डाग जन्माचा. नाण्याची पारख नाण्याच्या माणसाकडूनच करून घ्यावी. आपल्याकडे मुंबई-पुण्यात नाणी प्रदर्शनं भरतात, तिथे जुने व्यापारी भेटतात. त्यांच्याकडून निदान एक स्वस्तातला, साध्या सालाचा खरा ट्रेड डॉलर विकत घ्या. घरात एक खरं नाणं असलं की पुढचं प्रत्येक पार्सल त्याच्याशेजारी ठेवता येतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे. तिथे जाऊन वेगवेगळ्या काळातली खरी नाणी बघा. हातोडीनं पाडलेलं आणि यंत्रानं पाडलेलं यातला फरक नजरेत बसायला एक दुपार पुरते.

परत पाठवायची वेळ आली तर

पहिला निरोप संकेतस्थळाच्या आतूनच पाठवा, व्हॉट्सअॅपवर नको. भाषा सौम्य, आकडे स्पष्ट: अमुक वजन, तमुक घनता, सोबत काट्याचा फोटो आणि जुळ्या नाण्याचा फोटो. ‘तुम्ही फसवलंत’ हा शब्द टाळा, ‘वर्णनाप्रमाणे नाही’ एवढं पुरतं. माझ्या विक्रेत्यानं आधी ‘तीस टक्के परत घ्या आणि मिटवा’ म्हटलं. हे बहुतेक जण म्हणतात. मान्य केलंत की तक्रार बंद होते. म्हणून नाही म्हणा, मुदतीच्या आत रीतसर तक्रार नोंदवा. पैसे क्रेडिट कार्डानं भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याची, वाट मोकळी असते. थेट खात्यात पाठवले असतील तर हात चोळण्यापलीकडे फार काही उरत नाही.

आणि एक आपल्या देशाचा खास पेच. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुराणवस्तूत मोडतं, आणि खासगी माणसानं ते देशाबाहेर पाठवायला मनाई आहे. परत पाठवणं म्हणजे बाहेर पाठवणंच. नाणं खोटं असेल तर ते पुराणवस्तू नाही, पण पाकिटावर ‘१९११ चं नाणं’ लिहून हे पोस्टाच्या खिडकीवर कुणाला पटवणार? पुरातत्त्व खात्याकडून ‘ही पुराणवस्तू नाही’ असा दाखला घेण्याची सोय आहे, पण तो मिळेपर्यंत विक्रेत्याची मुदत उलटण्याचीच शक्यता जास्त. म्हणून महाग नाणं मी आता थेट पुण्याला मागवत नाही. न्यू जर्सीत मावसभाऊ आहे, त्याच्याकडे पाठवायला सांगतो. त्याला एक काटा आणि एक व्हर्नियर घेऊन दिलंय. तो वजन करतो, पेल्यात बुडवतो, कडेचे फोटो काढून पाठवतो, आणि पटलं नाही तर तिथल्या तिथे परत करतो. पुढे भारतात आणताना काय जाहीर करायचं आणि कर किती, हे निघण्याआधी विचारून घ्यावं लागतं.

माझ्या त्या खोट्या, १९११ साल घातलेल्या नाण्याचे पैसे शेवटी मिळाले. विक्रेत्यानं नाणं परत मागितलंच नाही. ते आता खऱ्याच्या शेजारच्या पाकिटात आहे, वर लाल शाईनं लिहिलंय: खोटं, २४.३०, २.८१, शिरस्त्राणासमोर कणी.